यादीत नसलेले घर

मी एक जुना ट्रक आहे, मित्रांनो. पण वर्षातले अकरा महिने मला ट्रक म्हणायला कुणी तयार नसते. धान्याच्या कोठारामागे, गुडघाभर वाढलेल्या गवतात मी उभा असतो. माझ्या टपावर मांजर ऊन खात बसते. माझ्या मागच्या चाकाजवळ एका तपकिरी कोंबडीने सलग तीन वर्षे अंडी घातली. मालकाची नात मला 'खुराडं' म्हणते. मी रागावत नाही. जून महिन्याचा शेवटचा आठवडा आला की याच खुराड्यासाठी गावातली पोरे महिनामहिना आधी नंबर लावतात, हे मला ठाऊक आहे.

माझा जन्म स्वीडनमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून बोटीत बसून मी डेन्मार्कमधल्या लोलंड बेटावर आलो. ही जमीन इतकी सपाट आहे की पावाचा तुकडा पडला तरी शेजारच्या गावातून दिसावा. इथे वारा खूप, आकाश खूप आणि बीट खूप. खायचे लाल बीट नव्हे. साखरेचे, मळकट पांढरे, माणसाच्या डोक्याएवढे. मला विकत घेतले त्या आयनार थोरूपचे वय तेव्हा चौतीस होते. तो उंच, कमी बोलणारा आणि कामाला वाघ. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत आम्ही दोघे शेतातून बीट भरायचो आणि साखर कारखान्याच्या काट्यावर नेऊन उभे राहायचो. चिखल माझ्या कानाकोपऱ्यांत शिरायचा. आयनारची बायको गेर्डा म्हणायची, "या घरात न कुरकुरता काम करणारा एकच आहे, आणि तो अंगणात झोपतो." आयुष्यात माझी एवढी स्तुती दुसऱ्या कुणी केली नाही.

माझ्या पाठीवर बिटांऐवजी मुले पहिल्यांदा चढली ती आयनारच्या मुलीमुळे. बोडिल तिचे नाव. वरच्या शाळेची तीन वर्षे संपून शेवटची तोंडी परीक्षा झाली की इथे मुलांच्या डोक्यावर पांढरी टोपी चढते, तिला गडद लाल पट्टी असते. मग सगळा वर्ग एका उघड्या गाडीवर चढतो आणि एकेकाच्या घरी जातो. प्रत्येक दारी आईबाप वाट पाहत असतात, खाणेपिणे होते आणि गाडी पुढच्या घरी निघते. बोडिलच्या वर्गाने घोडागाडी ठरवली होती. ऐन वेळी घोडा लंगडा झाला. आयनारने मला दोन दिवस धुतले, हौद्याच्या फळ्यांना बर्चच्या हिरव्या फांद्या बांधल्या आणि बाके ठोकली. तरी संध्याकाळपर्यंत निम्म्या टोप्या बिटाच्या मातीने तपकिरी झाल्या होत्या. पोरांनी तक्रार केली नाही. उलट पुढच्या वर्षीच्या वर्गाने तोच ट्रक हवा म्हणून हट्ट धरला.

तेव्हापासून तीस-पस्तीस वर्ग माझ्या पाठीवरून गेले. पुढे नवा मोठा ट्रक आला, बिटाचे काम माझ्याकडून गेले, गेर्डाही गेली. मी कोठारामागे सरकलो. जूनचे काम मात्र माझेच राहिले.

इतकी वर्षे मुले वाहिल्यावर एक गोष्ट मला कळली आहे. पहिली पाच-सहा घरे नुसती आरडाओरड असते. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीने हॉर्न वाजवावा म्हणून ही पोरे हात हलवतात, गाणी म्हणतात, एकमेकांच्या अंगावर बिअर सांडतात. सातव्या-आठव्या घरानंतर आवाज बसतात. मग कुणीतरी हळूच म्हणते, "आठवतंय का रे..." आणि तिथून खरा प्रवास सुरू होतो. पहिल्या दिवशी चुकून दुसऱ्याच वर्गात जाऊन बसलेला मुलगा, प्रयोगशाळेत पेटलेला पडदा, नाटकात संवाद विसरल्यावर पुढची पंधरा मिनिटे मनाने बोलत राहिलेली मुलगी. तीन वर्षे माझ्या हौद्यात उलगडतात. ट्रकला पाठीवरचे दिसत नाही, मित्रांनो, पण ऐकू सगळे येते.

मी तुम्हाला सांगणार आहे तो वर्ग तेवीस जणांचा होता. त्यांचा कारभारी होता विलाड्स. गळ्यात शिट्टी, हातात घरांची यादी. प्रत्येक घरी पंधरा मिनिटे, एक जास्त नाही. शिट्टी वाजली की तोंडातला घास तोंडात ठेवून ट्रकवर चढायचे. पोरे त्याला 'स्टेशनमास्तर' म्हणून चिडवत होती. त्याहून जास्त चिडवत होती 'बर्लिनवाला' म्हणून. दुसऱ्या वर्षी वर्गाची सहल बर्लिनला गेली होती. तिथे विलाड्स दोन तास हरवला, शिक्षकांनी पोलिसांना फोन केला, आणि हा गडी खाऊचा पुडा हातात घेऊन हॉटेलच्या दारात आरामात उगवला, अशी ती गोष्ट होती.

"दोन तास काय खात होतास रे?" कुणीतरी विचारले.

"सॉसेज," विलाड्स म्हणाला.

"दोन तास?"

"मोठं होतं."

सगळे हसले. तोही हसला. त्याच्या हसण्यात काही वेगळे आहे, असे तेव्हा मला वाटले नाही.

पण बाकीच्या गोष्टी ऐकताना मला काहीतरी खटकू लागले. कुणी म्हणायचे, "मार्च महिन्यात आपण पाचजण समुद्रात उतरलो होतो," आणि नावे चारच घ्यायचे. बँडची गोष्ट निघाली, तर ड्रम कोण वाजवत होते ते कुणी सांगेना. चांगल्या विणलेल्या स्वेटरचा एक टाका सुटावा, तसे प्रत्येक गोष्टीत होत होते.

नववे घर मागे पडले तेव्हा इंगेबोर्ग नावाची मुलगी केबिनला पाठ टेकून उभी होती. दिवसभर तिचाच आवाज सर्वांत मोठा होता. ती एकदम साध्या आवाजात म्हणाली, "पुढच्या वळणावर डावीकडे आस्गरचं घर आहे."

हौद्यात गाणे चालू होते ते बंद पडले.

"ते यादीत नाही," विलाड्स म्हणाला.

"यादी तू केलीस."

"तो आपल्या वर्गात नाही आता. पुढच्या वर्षी आहे त्याचं."

"तो दीड वर्ष आपल्या वर्गात होता, विलाड्स. त्याला कॅन्सर झाला म्हणून मागे राहिला. नापास झाला म्हणून नाही."

"मग काय करायचं? टोप्या घालून त्याच्या दारात नाचायचं? कसं वाटेल त्याला?"

"नाचू नकोस ना मग," इंगेबोर्ग म्हणाली. "आणि त्याला कसं वाटेल ते आपण त्याला कधी विचारलंय? एप्रिलपासून तो शाळेत येतोय, खालच्या वर्गात बसतोय. कँटीनमध्ये तो दिसला की मी ताट घेऊन दुसऱ्या बाजूला जाते. तुम्ही सगळे पण तेच करता. मी बघितलंय."

वळण जवळ येत होते.

केबिनच्या टपावर एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला आणि तीन म्हणजे कुणालातरी उलटी होते आहे, असे आयनारने सकाळीच बजावले होते. इंगेबोर्गने एक थाप मारली.

आयनारने मला बाजूला घेतले आणि खिडकीतून मान बाहेर काढली. तेव्हा त्याची पंचाहत्तरी उलटून गेली होती.

"काय झालं?"

"डावीकडे घ्याल का? ट्रोल्सच्या शेतावर. आस्गरकडे."

आयनारने डावीकडच्या रस्त्याकडे पाहिले. मग म्हणाला, "गेर्डा गेली तेव्हा पहिला महिनाभर लोक केक घेऊन येत होते. मग केक संपले." त्याने गिअर टाकला. "मीही त्या पोराकडे गेलो नाही अजून. धरून बसा, रस्ता खराब आहे."

त्या दिवशी आम्ही ज्या ज्या अंगणात गेलो, तिथे खांबावर झेंडा फडकत होता, टेबलांवर स्ट्रॉबेरी होत्या, आज्या खुर्च्यांवर नटून बसल्या होत्या. इथे खांब रिकामा होता. आस्गरचे वडील ट्रोल्स हातात बादली घेऊन गोठ्यातून बाहेर आले आणि आम्हाला पाहून जागीच थांबले.

"वाट चुकलात की काय, आयनार?"

"नाही," आयनार म्हणाला. "इतके दिवस चुकलो होतो."

ट्रोल्सनी बादली खाली ठेवली. "कॉफी आहे घरात. बाकी तयारी काही नाही. आम्हाला कुणी कळवलं नव्हतं."

दार उघडून आस्गर पायरीवर आला. घरातली जुनी विजार, पायांत मोजे. डोक्यावर नुकते उगवलेले केस बदकाच्या पिल्लाच्या पिसांसारखे मऊ होते. सकाळपासून रस्त्यावरच्या अनोळखी माणसांनासुद्धा हाका मारणारी तेवीस पोरे गप्प उभी होती. माझे इंजिन तेवढे चालू होते. मग आयनारने तेही बंद केले.

इंगेबोर्ग खाली उतरली. तिने टोपी काढून हातात घेतली.

"तू आजारी पडलास तेव्हा पहिल्या महिन्यात आम्ही दवाखान्यात चार वेळा आलो," ती म्हणाली. "मग आलो नाही. तू या जानेवारीत मला मेसेज केलास, तो मी वाचला. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहायचं ते सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी आणखी लाज वाटली. मग रोजच."

"वाचलास ते दिसत होतं मला," आस्गर म्हणाला. "निळी खूण आली होती."

"हो."

"मी फक्त इतिहासाच्या नोट्स मागितल्या होत्या गं."

इंगेबोर्गला हसू आले आणि रडूही आले. दोन्ही एकदम आल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो, तसा तिचा झाला असावा, कारण आस्गर पायऱ्या उतरून तिच्यापाशी आला आणि म्हणाला, "बरं, असू दे. आत घुसू नका सगळे, आईनं फरशी पुसलीये. इथंच बसा."

बसली मुले. गवतावर, ओट्यावर, माझ्या पायरीवर. ट्रोल्सनी घरात होते ते सगळे बाहेर आणले. राय धान्याचा काळा पाव, पावावर लावायचे लिव्हरचे सारण, काकडी, व्हिनेगरमधले लाल बीट. नऊ घरचे खाऊन आलेली पोरे सकाळपासून उपाशी असल्यासारखी तुटून पडली.

एकटा विलाड्स खाली उतरला नव्हता. माझ्या हौद्यात, फांद्यांच्या आड यादी धरून तो बसून होता.

"बर्लिनवाल्या," आस्गरने हाक मारली, "खाली ये. इथं पण सॉसेज आहे. छोटं आहे."

सगळे हसले. कुणीतरी लगेच बर्लिनची गोष्ट पुन्हा सुरू केली. ते दोन तास, ते पोलीस, तो खाऊचा पुडा. आस्गर शांतपणे ऐकत राहिला. गोष्ट संपल्यावर त्याने विलाड्सकडे पाहिले.

"तू यांना अजून सांगितलं नाहीस?"

विलाड्स माझ्या फळीला धरून उभा राहिला.

"तो हरवला नव्हता," आस्गर म्हणाला. "तो माझ्याबरोबर होता. भुयारी रेल्वेच्या स्टेशनवर मला जिना चढवेना. पायांत जीवच नव्हता. मी बाकावर बसून राहिलो आणि हा माझ्यापाशी दोन तास बसला. मग खांद्याचा आधार देऊन त्यानं मला वर आणलं आणि हॉटेलच्या मागच्या दारानं खोलीत झोपवलं. मी आधीच खोलीवर गेलोय, असं सगळ्यांना वाटत होतं. कुणाला सांगू नकोस, सहलीतून घरी पाठवतील, असं मीच म्हणालो होतो. मग बहाण्याला खाऊचा पुडा घेऊन यानं पुढच्या दारात जाऊन सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या."

दीड वर्ष सारा वर्ग ज्या गोष्टीवर हसत होता, ती अशी उलटी होऊन त्यांच्यासमोर पडली.

"शिव्यांचं काही नाही," विलाड्स म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही. "मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तू त्यानंतर सहा आठवड्यांनी डॉक्टरकडे गेलास. सहा आठवडे, आस्गर. मी रोज मोजतो. म्हणून तुझं नाव मी यादीत... तुझ्यासमोर उभं राहता येत नाही मला."

मित्रांनो, मी आयुष्यात टनांनी ओझी वाहिली आहेत. ओझे कुठे बसले आहे ते मला न पाहता समजते. हा मुलगा सकाळपासून माझ्या पाठीवर नाचत होता, आणि एवढे वजन घेऊन चढला होता, हे मला कळले नव्हते.

आस्गर माझ्याजवळ आला आणि वर पाहत म्हणाला, "मी विचारलंय डॉक्टरांना. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठीच विचारलं. मला पण वाटत होतं की आपण मूर्खपणा केला. ते म्हणाले, या आजारात त्या सहा आठवड्यांनी काही फरक पडला नसता. उपचार हेच झाले असते. हे मी तुला हिवाळ्यातच सांगणार होतो, पण तू फोन उचलत नव्हतास."

विलाड्स खाली उतरला. उतरला म्हणजे जवळजवळ पडलाच. आस्गरने त्याला धरले, पण आजारातून उठलेल्या अंगाला तो भार झेपेना, आणि दोघे माझ्या चाकाला टेकून खाली बसले. ट्रोल्स कॉफीची किटली घेऊन घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

नंतर विलाड्सला काहीतरी करावेसे वाटले असणार. त्याने आपली टोपी काढली आणि आस्गरच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला. आस्गर चटकन मागे सरला.

"अरे, नको. घालू नकोस."

विलाड्सचा चेहरा उतरला. "मला वाटलं, आज तुलाही..."

"परीक्षेआधी टोपी घातली की माणूस नापास होतो, माहीत नाही का तुला? आधीच माझं गणित लंगडं आहे." पोरे हसली. मग तो गंभीरपणे म्हणाला, "आणि मला तुझी नकोय. मला माझी हवीये. माझ्या मापाची, आत माझं नाव लिहिलेली. एक वर्ष थांबेन मी."

मी पुष्कळ टोप्या पाहिल्या आहेत, पण न घातलेल्या टोपीचा इतका मान कुणी राखलेला पाहिला नव्हता.

पंधरा मिनिटांच्या जागी तिथे सव्वा तास गेला. शिट्टी वाजली नाही. आस्गरने पहिल्या दीड वर्षातल्या विसरलेल्या गोष्टी काढल्या, इतरांनी त्याच्या मागे घडलेल्या सांगितल्या. ड्रम कोण वाजवत होते, तेही आता मोठ्याने सांगितले गेले; "वाईट वाजवत होता," अशी पुस्तीही जोडली गेली. निघताना इंगेबोर्ग त्याला हौद्यात चढवायला लागली, तर तो म्हणाला, "टोपीशिवाय वर चढायचं नसतं. नियम म्हणजे नियम." आयनारने शेजारच्या सीटवरचा तेलाचा डबा उचलून खाली ठेवला आणि दार उघडले. पुढची तीन घरे आस्गर केबिनमध्ये बसून फिरला. तिसऱ्या घरी तो दमला. ट्रोल्स मोटारीने मागोमाग येतच होते, ते त्याला घेऊन गेले.

उरलेल्या घरांचे वेळापत्रक पार कोलमडले. शेवटच्या घरी आम्ही साडेतीन तास उशिरा पोहोचलो. तिथल्या आईने सॉसेजेस दोनदा गरम केली होती. उशीर का झाला ते तिला सांगितले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "मग तिसऱ्यांदा करते."

पुढच्या जूनमध्ये आस्गर माझ्या हौद्यात उभा होता, नव्या वर्गासह, स्वतःची टोपी घालून. गणितात तो जेमतेम सुटला होता, आणि तेच तो रस्त्यावर दिसेल त्याला ओरडून सांगत होता.

आता आयनारला केबिनची पायरी चढायला त्रास होतो. माझ्या सांगाड्याला गंज धरला आहे. दर वर्षी पासिंगच्या वेळी तपासनीस माझ्याखाली शिरतो आणि तोंडाने चुकचुकतो. अजून किती जून माझ्या नशिबी आहेत, कोण जाणे. पण गंजाचे दुःख मला फारसे नाही. मी जे ऐकले, ते बिटांनी मला कधी ऐकवले नसते. अठरा-एकोणीस वर्षांची पोरे आपली चूक भर अंगणात, सगळ्यांसमोर बोलून दाखवतात, हे मी पाहिले. मोठ्यांना ते वर्षानुवर्षे जमत नाही. आयनारलाही त्या पोरांमुळेच जमले.

मित्रांनो, तुमचाही वर्ग एक दिवस शाळा सोडेल. यादी तुम्हीही कराल. ती करताना एखादे नाव लिहायला हात अडखळला, तर त्याच घरी आधी जा. काय बोलावे ते सुचत नसेल, तर न सुचलेलेच घेऊन जा. आणि तिथे लगेच दार उघडेल, अशी अपेक्षा ठेवू नका. कडाक्याच्या थंडीत माझे इंजिन पहिल्यांदा किल्ली फिरवल्यावर कधीच सुरू झालेले नाही. दुसऱ्यांदाही होत नाही. आयनारने चाळीसहून जास्त वर्षांत त्यासाठी मला एकदाही शिवी दिली नाही. तो थोडा थांबतो, हातांवर फुंकर घालतो, आणि तिसऱ्यांदा किल्ली फिरवतो.